कासव कोणी कोरलं याबाबत

मी, फेलिसिदाद पागादुआन, माकारियो पागादुआन यांची विधवा, वय सत्तर, धंदा थडग्यांचे दगड कोरणं, राहणार बागुतान, प्रांत नुएवा विझ्काया, हा कागद माझ्या मर्जीने आणि माझ्या हाताने लिहिते आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून भुलवलेलं नाही. चाळीस वर्षं दगडाची धूळ ओढून फुफ्फुसं निकामी झाली आहेत आणि सोलानोच्या डॉक्टरांनी पुढच्या पावसाळ्याची खात्री दिलेली नाही. स्मरण मात्र शाबूत आहे. ते तसं नसतं तर हा कागद निम्म्याने छोटा झाला असता.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं सांगत कोणी दुसरा कागद घेऊन आला तर तो खोटा समजावा.

वकीलबाई दिविना यांनी सांगितलं, “मानांग, कलमं आटोपशीर ठेवा.” धाकटी माणसं थोरल्या बाईला आमच्याकडे मानांग म्हणतात, आणि बहुतेक वेळा पुढे काहीतरी उपदेश असतो. मी प्रयत्न केला आहे.

कलम १. घर.

राहतं घर, मागची दगडकामाची पडवी आणि अंगणातली दोन आंब्याची झाडं माझी एकुलती मुलगी पेर्लिता हिला. ती सोलानोला शाळेत शिकवते आणि घर विकायचं म्हणते. विकावं. पण घेणाऱ्याला स्वयंपाकघराबद्दल आधी सांगावं. ते उत्तरेकडे वीतभर खचलेलं आहे, कढईतलं तेल एका बाजूला जमतं आणि बाटली आडवी झाली तर स्वतःहून दारापर्यंत जाते.

याला जबाबदार दोन माणसं. एक माझा नवरा, तो आता उत्तर द्यायला नाही. दुसरा आन्सेल्मो ताबुयो. पेर्लिताच्या बाप्तिस्म्याला तो तिचा धर्मपिता झाला, तेव्हापासून तो माझा कोमपारे आणि मी त्याची कोमारे. हे नातं एकदा लागलं की मरेपर्यंत सुटत नाही, कितीही सोडावंसं वाटलं तरी. १९९६ साली आन्सेल्मोने दोरीला पितळी वजन बांधून आमच्या घरात फिरवलं. ते चुलीपाशी गरगरलं. मग तो आणि माकारियो यांनी चार रविवार चुलीखाली खणलं. खाली पाणी लागलं, भिंत तडकली, आणि मी डोक्याला हात लावून बसले.

त्याच आठवड्यात शेजारच्या लग्नात, भरल्या पंगतीत, आन्सेल्मो म्हणाला, “कोमारे, तोंड पाडून काय बसलीस? घरबसल्या विहीर मिळाली की फुकट!”

पंगत हसली. माकारियोही हसला. ते मला जास्त लागलं.

कलम २. ठेव.

सहकारी पतपेढीतली सगळी रक्कम पेर्लिताला. त्यातून नऊ दिवसांच्या प्रार्थनेचं जेवण करावं. डुकराचं मटण भरपूर असावं. माझ्या नणंदेने माकारियोच्या नवव्या दिवशी रस्सा पातळ केला होता आणि लोक अजून मला बोलतात.

कलम ३. रविवारच्या मंडळाचं सामान.

माकारियोचं धातू शोधायचं यंत्र, दोन पहारी, एक टिकाव आणि कंदील हे रविवारच्या मंडळाला परत द्यावं.

मंडळ म्हणजे आमच्या गावातले चाळिशी ओलांडलेले सात-आठ पुरुष, जे मिस्सा संपली की चर्चच्या पायरीवरूनच डोंगराकडे वळतात. पंचेचाळीस साली जपानी फौज याच डोंगरांतून हटली. लुटीचं सोनं पुरत गेली, आणि जागा पुन्हा सापडावी म्हणून खडकांवर खुणा कोरत गेली, असं आमच्या खोऱ्यातलं मूलही सांगतं. बाण म्हणजे दिशा. कासव म्हणजे ठेवा जवळ आहे, आणि कासवाचं डोकं जिकडे, तिकडे खणायचं. सरकारी परवाना लागतो. तो मंडळाकडे कधीच नव्हता. डोंगरावर ‘सोनं’ हा शब्द उच्चारायचा नाही असा नियम आहे, भुतांच्या कानावर जातो म्हणून. ‘रताळं’ म्हणायचं. खणण्याआधी थोडी दारू जमिनीवर सांडायची आणि तिथल्या अदृश्य मालकांची परवानगी मागायची. उरलेली दारू कुठे जाते ते मी लिहीत नाही.

तीस वर्षांत मंडळाला मिळालेलं रताळं असं: जेवणाचे तीन पत्र्याचे डबे, एक शिरस्त्राण, काडतुसांची पेटी, अत्तराची निळी बाटली, आणि दोन माणसांची हाडं. त्यांतल्या एकाला सोन्याचा दात होता. तो काढून घ्यावा की नाही यावर मतदान झालं आणि तीन विरुद्ध चार मतांनी तो हाडांबरोबरच पुरला. चौथं मत आन्सेल्मोचं होतं. हे त्याच्या बाजूचं म्हणून नोंदवते. थडग्याचा दगड मी फुकट कोरला. नावं ठाऊक नव्हती, म्हणून ‘कोणाचे तरी मुलगे’ एवढंच लिहिलं.

मंडळात बाई नव्हती. पण खडकावर काही दिसलं की मला बोलावणं यायचं. ही रेघ पाण्याने पडली की टाकीने? टाकीची असेल तर किती जुनी? मी रेघेवरून अंगठा फिरवायची आणि सांगायची. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा मी “पाणी” म्हणाले आणि त्यांनी मुकाट्याने पहारी खांद्यावर टाकल्या. माझा शब्द म्हणजे त्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ होती. हे लक्षात ठेवावं, पुढच्या कलमात लागेल.

कलम ४. हत्यारं.

माझ्या एकवीस छिन्न्या, चार हातोड्या आणि वडिलांचा काटकोन बघायचा गुण्या तेओफिलो काबान्सॅग याला. तो बाजारात यंत्राने थडग्यांवर अक्षरं पाडतो, एका तासात तीन दगड. त्याच्याकडे गेलेली माझी गिऱ्हाइकं मी मोजलेली आहेत. त्याने रोज दुकान उघडताना ही हत्यारं बघावीत एवढ्यासाठीच देते आहे.

बाविसावी छिन्नी यात नाही.

कलम ५. आन्सेल्मो ताबुयो.

हे कलम मी तीनदा लिहिलं. पहिल्यांदा चार ओळी होत्या. ‘माझ्या मृत्यूनंतर आन्सेल्मोला कळवावं की ओढ्याकाठच्या काळ्या खडकावरचं कासव जपान्यांनी कोरलेलं नाही. ते मी कोरलं. त्याने खणणं थांबवावं. मला क्षमा करावी.’

वकीलबाईंनी वाचलं आणि चष्मा काढला. “मानांग, हे मृत्युपत्र आहे की कबुलीजबाब? त्यासाठी फादर आहेत.”

“फादरना सांगून झालंय. दोन फादरना.”

“मग?”

“आधीचे म्हणाले, त्याला जाऊन सांग. आत्ताचे म्हणाले, कोणता खडक?”

त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “तुम्ही जाईपर्यंत तो भुयारात जायचा थांबणार आहे का?”

आन्सेल्मोचं भुयार आता डोंगरात चौदा मीटर गेलं आहे. शेवटाला एक मोठा धोंडा आहे, म्हशीएवढा, आणि तो दोन लाकडी टेकूंवर तोललेला आहे. गेल्या वर्षी थोडं छत कोसळलं तेव्हा आन्सेल्मोच्या गळ्याचं हाड मोडलं. तो त्र्याहत्तर वर्षांचा आहे. यंदा पाऊस सरल्यावर, १८ नोव्हेंबरच्या रविवारी, डावा टेकू काढून धोंड्याखाली शिरायचं त्याने ठरवलं होतं. मंडळातल्या सगळ्यांनी नको म्हटलं. तो म्हणाला, “कासवावर ज्याचा विश्वास नाही त्याने घरी बसावं.”

म्हणजे मी मरेपर्यंत गप्प राहिले असते तर बहुधा तो माझ्याआधी गेला असता. मेल्यावर खरं बोलण्यात भित्रेपणा आहे हे मला ठाऊक होतंच. त्यात हिशेबाची चूकही आहे, हे वकीलबाईंनी दाखवलं.

तेव्हा सगळं सांगते.

फेब्रुवारी १९९९. खचलेल्या स्वयंपाकघराला तीन वर्षं होत आली होती आणि ‘कोमारेची विहीर’ हा विनोद गावात अजून चालू होता. पुरुष शेतात असताना तीन सकाळी मी ओढ्याकाठी गेले आणि काळ्या खडकावर ताटलीएवढं कासव कोरलं. डोकं मुद्दाम डोंगराच्या अशा अंगाकडे वळवलं जिथे दगड सर्वांत कठीण आहे. ताज्या घावांचा पांढरेपणा उसाच्या शिरक्याने मारला, वर चिखल चोळला, आणि पुढे महिनाभर तांदळाचं धुवण नेऊन ओतलं, म्हणजे शेवाळ धरतं. बेत असा की आन्सेल्मोने ते शोधावं, मंडळाने दोन महिने हात सोलवटून घ्यावेत, आणि मेमधल्या जत्रेच्या पंगतीत मी उठून सांगावं, “कोमपारे, तोंड पाडून काय बसलास?”

मेपर्यंत तो त्या ओढ्याकडे फिरकलाच नाही. जूनमध्ये त्याचा मुलगा रोनेल जहाजावरून समुद्रात पडला. तेवीस वर्षांचा होता, खलाशी म्हणून पहिलीच फेरी. शव मिळालं नाही. नऊ दिवसांच्या प्रार्थना एका फोटोसमोर झाल्या.

त्यानंतर आन्सेल्मो घराच्या पायरीवर बसून राहायला लागला. बायको घास भरवायची तो तोंडातच राहायचा. शर्टाची बटणं कोणीतरी लावून द्यायचं, तीही वरखाली. कासव मी विसरून गेले होते. हे खरं आहे. पटत नसेल त्याने सोडून द्यावं.

नोव्हेंबरमध्ये, मृतांच्या सणानंतर आठवड्याने, तो माझ्या पडवीत धापा टाकत आला. बटणं बरोबर लावलेली होती. मला हाताला धरून ओढ्यावर घेऊन गेला. शेवाळ छान धरलं होतं.

“अंगठा ठेव,” तो म्हणाला. “तू सांगशील ते खरं, कोमारे.”

मी अंगठा ठेवला. माझ्याच घावांवरून फिरवला. “हाताने कोरलेलं आहे,” मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

“जुनं आहे?”

“जुनं आहे.”

नऊ महिन्यांचं होतं. तो खडकाला पाठ लावून बसला आणि रडला, मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. मग त्याने विचारलं, घरात भात आहे का. माझ्या त्या तिरक्या स्वयंपाकघरात त्याने खारवलेल्या मासळीबरोबर तीन ताटल्या भात खाल्ला आणि बाटली घरंगळली ती स्वतः उचलून ठेवली.

त्या दिवशी खरं बोलले असते तर तो पुन्हा पायरीवर जाऊन बसला असता, असं मी एकोणीस वर्षं स्वतःला सांगत आले. त्यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की पुत्रशोकातल्या माणसासाठी मी सापळा लावून ठेवला होता हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं. मला माझी लाज वाटत होती, आणि लाज झाकायला दया फार सोयीची पडते.

पुढे दर उन्हाळ्यात, दर रविवारी, भुयार वाढत गेलं. माकारियो त्याच्या टोपल्या वाहायचा. तो २००८ साली गेला. त्यालाही मी सांगितलं नाही. दरवर्षी एकदा आन्सेल्मो विचारायचा, “कोमारे, डोकं थोडं खाली झुकलंय का गं त्याचं? म्हणजे खोल जायचं का?” मी म्हणायची, तुझं तू बघ. एकदाच, दमले होते म्हणून, म्हणाले, “कदाचित.” त्या एका ‘कदाचित’वर तो दोन वर्षं खाली खणत होता.

गेल्या १० तारखेला मी त्याला कॉफीला बोलावलं आणि सांगितलं.

“ते कासव मी कोरलंय, कोमपारे.”

त्याने कप खाली ठेवला. “बरं.”

“बरं काय? फेब्रुवारी नव्व्याण्णव, तीन सकाळी. तू माझ्या घरात खड्डा केलास म्हणून. डोंगरात काही नाही.”

“मनिलाहून गाडी आली होती गेल्या महिन्यात. ते लोक तुझ्याकडे तासभर बसले होते.”

“थडग्याच्या दगडाचा भाव काढत होते.”

“एकोणीस वर्षं बोलली नाहीस. मी धोंड्यापाशी पोचलो आणि आता म्हणतेस काही नाही.” तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते. “कोमारे, अगदी जवळ आल्याशिवाय कोणी असं बोलत नाही.”

आमच्या लोकांची ही खोड मला ठाऊक असायला हवी होती. ठेवा आहे म्हणणाऱ्यावर मंडळ कधी विश्वास ठेवत नाही. नाही म्हणणाऱ्याबद्दल मात्र त्याची लगेच खात्री पटते: याला जागा माहीत आहे. तीस वर्षं मी यावर हसत आले, आणि त्या सकाळी मीच ‘नाही’ म्हणणारी झाले होते.

उठताना तो म्हणाला, “पेर्लितासाठी हवंय ना तुला? सरळ सांगायचंस की. निम्मं तिला द्यायचं मी केव्हाच ठरवलंय. धर्माची का होईना, लेक आहे ती माझी.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो गेला, कॉफी तशीच राहिली, आणि मी दुपारपर्यंत त्याच खुर्चीत बसून होते.

बाविसावी छिन्नी मला दुसऱ्या दिवशी आठवली. ती वडिलांची, जाड पात्याची, फक्त काळ्या दगडासाठी. तिच्या धारेत एक बारीक खाच आहे, माझ्याच हातून पडलेली. त्यामुळे तिच्या प्रत्येक घावाच्या तळाशी केसाएवढी बारीक, उठलेली रेघ राहते. संगमरवरावर मी ती कधी वापरली नाही, आणि कासवानंतर मी ती तांदळाच्या पिंपात लपवली. आन्सेल्मोने कासवाच्या प्रत्येक घावातली ती रेघ भिंगातून पाहिली होती. ‘फौजेच्या टाकीची खूण’ म्हणून ती त्याने तीन प्रांतांतल्या शौकिनांना दाखवली होती. लांबून लोक येऊन त्याचे फोटो काढून गेले होते.

१८ तारखेला शेजारणीच्या रेड्याच्या घसरगाडीवर बसून मी ओढ्यावर गेले. डॉक्टरांनी मला पायऱ्याही चढू नका म्हटलं आहे. पेर्लिता पाण्याचा तांब्या घेऊन रागारागाने बाजूने चालली. आन्सेल्मो घण घेऊन भुयाराच्या तोंडाशी उभा होता, मंडळातले बाकीचे लांब बसले होते. मी खडकाशी बसले आणि जुन्या कासवाशेजारी दुसरं कोरायला घेतलं.

“नक्कल काय, कोणीही करील,” तो म्हणाला, आणि पाठ केली.

पाठीची ढाल, मग डोकं. पूर्वी तासाचं काम होतं, त्याला तीन तास लागले. दर दहा घावांनी खोकला यायचा आणि पेर्लिता पाणी पाजायची. पहिला पाय धरला तेव्हा आन्सेल्मोने तोंड इकडे वळवलं होतं. दुसऱ्या पायाला तो माझ्या बाजूला उकिडवा बसला. खिशातून भिंग काढलं. नवा घाव पाहिला, जुना पाहिला, पुन्हा नवा पाहिला. मग माझ्या हातातून छिन्नी घेतली आणि धारेवरून नख फिरवलं. नख खाचेत अडकलं.

त्याने घण उचलला आणि भुयारात गेला.

“आन्सेल्मो!” मी ओरडले. चाळीस वर्षांत मी त्याला नुसत्या नावाने हाक मारली नव्हती. मंडळातलं कोणी जागचं हललं नाही. आतून काही आवाज येत नव्हता, आणि मला फक्त तो डावा टेकू दिसत होता.

तो बाहेर आला तो घण काखेत, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला रोनेलचा फोटो घेऊन. मी भुयारात कधी गेलेच नव्हते. तो फोटो आत भिंतीला आहे हे मला माहीत नव्हतं.

“रविवारी याच्याशी बोलायचो,” आन्सेल्मो म्हणाला. “घरी बोललो की बायको रडते.”

मी त्याची क्षमा मागितली. सगळ्यांसमोर मागितली.

“आज नको,” तो म्हणाला. फोटोचं प्लास्टिक शर्टाला पुसलं. मग म्हणाला, “याचा दगड कर. इथे तोंडाशी लावू.”

“कोमपारे, शव नसताना—”

“एकोणीस वर्षं काही नसताना खणलं ना? आता काही नसताना दगड लावू.”

डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणतात. आन्सेल्मोने उंदीरही काढला नाही, आणि तो माझ्यामुळे. त्याचं आयुष्य मी वाचवलं की वाया घालवलं याचा निवाडा मला करता येत नाही. कोर्टालाही येणार नाही, म्हणून मागत नाही. पण तो धोंड्याखाली गेला नाही, एवढं घडलं आहे आणि ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे.

कलम ६. माझं थडगं.

रोम्ब्लोन बेटावरचा एक पांढरा संगमरवर मी अकरा वर्षं स्वतःसाठी राखून ठेवला होता, मधोमध एकही शीर नसलेला. तो आता माझ्या मालमत्तेत नाही. त्यावर गेल्या गुरुवारी रोनेल ताबुयोचं नाव आणि दोन तारखा कोरून झाल्या. माझ्या हातचा तो शेवटचा दगड. माझ्यासाठी सिमेंटची फरशी चालेल. अक्षरं तेओफिलोच्या यंत्राने पाडावीत. त्याने पैसे घेतले तर द्यावेत, नाही घेतले तर बळेच द्यावेत.

कलम ७. खोडलेलं.

या जागी मी आन्सेल्मोला माकारियोचं यंत्र आणि बाविसावी छिन्नी ठेवली होती. आज सह्यांच्या वेळी तो न बोलावता आला, दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, तिसरा साक्षीदार मी. वकीलबाईंनी समजावलं, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीची सही करू नये, केली तर त्याचं देणं बाद होतं.

“मग मला काही नको,” तो म्हणाला. “चष्मा आणलाय. कुठे करायची सही?”

तेव्हा हे कलम खोडलं आहे. यंत्र आता मंडळाकडे जाईल, कलम तीनमध्ये ते आजच घातलं आहे. छिन्नी त्याच्या हातात १८ तारखेलाच राहिली होती. त्याने ती भुयारात भिरकावली हे मला आज कळलं, आणि तिच्यावर मंडळाने माती ओढायला सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी सोळा टोपल्या पडल्या.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी पेर्लिता पागादुआन हिने करावी. कोणाला काही कमी वाटलं तर ते माझ्या आठवणीतलं वैर समजावं आणि पोटात घालावं. हा कागद मी वाचला, समजला, आणि तो माझाच आहे.

बागुतान, नुएवा विझ्काया. शनिवार, २४ नोव्हेंबर २०१८.

(सही) फेलिसिदाद पागादुआन

साक्षीदारांचं निवेदन

वर सही करणाऱ्या बाईंनी आम्हा तिघांच्या समक्ष, आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष, शेवटी आणि प्रत्येक पानाच्या डाव्या समासात सही केली. त्या शुद्धीत असून समजून-उमजून सही करत आहेत अशी आमची खात्री आहे.

(सही) ग्रेगोरिया डुमाग, किराणा दुकानदार, बागुतान

(सही) इलुमिनादो पास्कासिओ, चर्चचे घंटावाले, बागुतान

तिसऱ्या साक्षीदाराने स्वतःच्या हाताने जोडलेला मजकूर, वकिलांच्या परवानगीने:

मी, आन्सेल्मो ताबुयो, वय त्र्याहत्तर, शेतकरी. ही बाई शुद्धीत आहे याची बाकी दोघांची खात्री कशी पटली ते त्यांना ठाऊक. माझी पटली आहे. एका माणसाला एका कासवावर जी एकोणीस वर्षं उभं ठेवते, तिच्या डोक्यात काही बिघाड नाही. मला राग आहे. तो मी कोणाच्या नावे करत नाही, माझ्याकडेच ठेवतो. भुयार पुरतं बुजायला आमच्या हिशेबाने अजून दोन उन्हाळे लागतील आणि ते नीट बुजतंय की नाही हे सांगायला दगडाचं कळणारं माणूस लागेल. तोवर हा कागद उघडायची वेळ येऊ नये, असं माझं म्हणणं आहे, ते नोंदवून घ्यावं.

(सही) आन्सेल्मो ताबुयो